एका बोटाची जागा

१२ नोव्हेंबर

पडली! पट्टी पडली, मी नाही. पण तबेल्यातल्या हसण्यावरून कुणालाही वाटलं असतं की मीच आडवी झाले.

एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली. सुजलेले घोटे, मुरगळलेले गुडघे, प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्या पोटऱ्या – सगळं याच हातांनी बांधलं. निवृत्त होऊन पुरता महिना झाला नाही आणि आज एका घोडीने माझी पट्टी चार पावलांत उतरवून दाखवली. पाचव्या पावलाला ती तिच्या खुरामागे लोळत होती. घोडी थांबली, मान वळवून आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या जुन्या मेट्रन अशाच बघायच्या.

घोडीचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण इथे सगळे तिला बाईसाहेब म्हणतात. सोळा वर्षांची, तपकिरी, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. घाबरट मुलांना आणि त्यांच्याहून घाबरट आयांना पाठीवर घेऊन रिंगणात फिरवायचं, हे तिचं काम.

धाकटी कठड्याला टेकून उभी होती. धाकटी म्हणजे माझी बहीण. तबेला तिचा. सहा घोडे, एक रिंगण, घोड्यांची निगा राखायला एक मोतद्दार आणि आता एक मी. म्हणाली, "ताई, तुझे पेशंट झोपलेले असायचे ना गं?"

मोतद्दारांना सगळे मामा म्हणतात. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत, तरी मीही मामाच म्हणते. ते हसले नाहीत. पट्टी उचलली, झटकली, गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "सिस्टर, माणसाच्या पोटरीला मांस असतं. हिच्या गुडघ्याखाली काय आहे? हाड, दोरी आणि कातडं. पट्टीने धरायचं कशाला?"

आयुष्यभर सगळ्या गावाची सिस्टर होते. सख्ख्या बहिणीकडे राहायला आले, तर इथेही सिस्टरच.

१३ नोव्हेंबर

कालची पट्टी पायाची नव्हतीच. शेपटीची होती!

प्रवासात शेपटी घासू नये म्हणून बांधतात ती. मामांनी आज सांगितलं. काल का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणाले, "काल तुम्ही विचारलं नव्हतं."

पट्ट्यांचं एक कपाट आहे, चंदीच्या खोलीत. उघडलं की दाण्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो. मामांनी एकेक काढून दाखवली. लांब, जाडसर, न ताणणारी – ती ठाणातली पट्टी. घोडा कामावरून येऊन ठाणावर, आपल्या जागी, उभा राहिला की पायात पाणी उतरतं, ते उतरू नये म्हणून. तिच्या आत गादी हवीच हवी. मऊ, केसाळ, ब्लँकेटसारखी – ती कामाची पट्टी, रिंगणात फिरताना बांधायची, काम संपलं की लगेच सोडायची. तिसरी स्वतःलाच चिकटणारी, रबरासारखी. जखमेवरचा कापूस धरून ठेवते. "ही सगळ्यात लबाड," मामा म्हणाले. "ताणाल तेवढी ताणली जाते, आणि तुम्ही चहा प्यायला गेलात की परत आखडते." चौथी क्रेप. तिला मी ओळखलं. गर्दीत माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि दोरी म्हणजे नळीच्या हाडामागची ती जाड कंडरा. घोड्याचा सगळा भार तिच्यावर. मामांनी माझं बोट धरून बाईसाहेबांच्या पायावरून फिरवलं. गार, ताठ, गुळगुळीत. "ही दुखावली की घोडा संपला असं समजा. हिच्यासाठी पट्टी, आणि हिलाच पट्टीची भीती."

१५ नोव्हेंबर

पट्टी डाव्या पायाला घड्याळाच्या उलटी, उजव्या पायाला सुलटी. डाव्याला उलटी, उजव्याला सुलटी. जेवताना पुटपुटत होते तर धाकटी म्हणाली, "जप कसला करतेस? मीठ दे."

१९ नोव्हेंबर

आज कामाची मऊ पट्टी बांधली. सुंदर बसली. मीच लांब उभी राहून दोनदा बघितली. निळा रंग बाईसाहेबांना शोभतो.

मग ती पाण्याच्या डबक्यातून गेली.

ओली झाली की ही पट्टी दगडासारखी जड होते, हे मला कोण सांगणार? (मामा. त्यांनी सांगितलं होतं. मी रंग निवडत होते.) दुसऱ्या फेरीला दोन्ही पट्ट्या घोट्यावर मोज्यांसारख्या गोळा झाल्या. पाठीवर पोस्टातली बाई होती, दर रविवारी येते ती. तीन वर्षांपूर्वी सायकलवरून पडली, तेव्हापासून कशावरच बसायची नाही. बाईसाहेबांवर बसते. फक्त बाईसाहेबांवर. तिला काही कळायच्या आत बाईसाहेब आपल्या आपणच थांबल्या. पट्टीत पाय अडकून पडण्यापेक्षा थांबलेलं बरं, एवढी अक्कल तिला आहे. आमच्यात कुणाला नव्हती.

धाकटीचा पारा चढला. "सैल! तुझं सगळं सैल असतं, ताई."

मी ओल्या पट्ट्या पिळल्या. लहानपणी हिच्या वेण्या मीच घालायची, तेव्हा रोज रडायची – घट्ट झाली, घट्ट झाली.

२१ नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलाचे चारही पाय बांधले. आधी कापसाची गादी, वर ठाणातली पट्टी. सुरुवात आतल्या बाजूने, हाडावर. ओढ द्यायची ती पुढून, हाडावर. मागे दोरीवरून नुसती फिरवायची, ओढायची नाही. प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर. गादीची कड वर-खाली बोटभर दिसली पाहिजे. शेवट बाहेरच्या बाजूला, दोरीवर कधीच नाही. आणि सगळं झालं की वरच्या कडेतून एक बोट आत गेलं पाहिजे. दोन गेली तर सैल. अर्धंच गेलं तर सोडा, पुन्हा बांधा.

धाकटी बाहेरून आली, बूट काढता काढता थबकली.

"काय झालं टेबलाला?"

"लंगडतंय."

"घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखव मग," म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. पण वाकून एक बोट घालून बघितलंच! काही बोलली नाही. म्हणजे बरोबर होतं. चुकलं असतं तर बोलली असती.

२२ नोव्हेंबर

टेबलाच्या पट्ट्या सोडायला विसरले. सकाळी दूधवाला पावती द्यायला आत आला होता. बराच वेळ टेबलाकडे बघत उभा होता. पावती न देताच गेला.

२६ नोव्हेंबर

मामांनी आज माझी परीक्षा घेतली. बाईसाहेबांचे पुढचे दोन्ही पाय, ठाणातल्या पट्ट्या, मदत नाही. मी जमिनीवर गुडघे टेकणार तर ओरडले, "बसायचं नाही! उकिडवं राहायचं. घोडा उडाला तर उठता आलं पाहिजे." या वयात उकिडवं! माझ्या गुडघ्यांनी जो आवाज केला त्याने बाईसाहेबांनी कान टवकारले.

बांधून झालं. मामांनी चारी बाजूंनी पाहिलं. बोट घातलं. गादीला कुठे सुरकुती आहे का, तळहाताने चाचपलं. मग बाईसाहेबांना बारा पावलं चालवलं. मग परत बोट.

"चालेल," म्हणाले.

नर्सिंगचं सुवर्णपदक मिळालं होतं तेव्हाही एवढी हवेत नव्हते. संध्याकाळी धाकटीला सहज सांगितल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, "मामा बैलालासुद्धा चालेल म्हणतात."

एकच पाय दुखत असेल तरी दोन्ही बांधायचे, कारण भार दुसऱ्यावर येतो. हे मात्र मला कुणी शिकवायला नको होतं. आमचे हे गेले तेव्हापासून चार वर्षं एकाच पायावर उभी आहे.

असो. हे इथे कशाला लिहिलं.

३ डिसेंबर

आज मुलांचं प्रात्यक्षिक होतं. सकाळपासून आई-बाप, डबे, मोबाईल, धूळ. बाईसाहेब नऊ वेळा रिंगणात गेल्या. एकदाही कुरकुरल्या नाहीत. पोस्टातल्या बाईने पहिल्यांदा लगाम स्वतःच्या हातात घेऊन पूर्ण फेरी मारली आणि उतरल्यावर घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. मला वाटलं पाणी हवंय. तिला काहीच नको होतं.

मामांची दाढ ठणकत होती. दुपारीच घरी गेले. त्यामुळे संध्याकाळी बाईसाहेबांचे पाय मी एकटीने बांधले. थंड पाणी मारलं, पुसून कोरडे केले, गादी, पट्टी. एकटीने! आता झोपते. कंबर माझी राहिली नाही.

४ डिसेंबर

नीट लिहून काढते.

सकाळी मी खाली गेले तेव्हा मामा आधीच आले होते. गाल टोमॅटोसारखा सुजलेला. त्यांनी बाईसाहेबांच्या पट्ट्या सोडल्या होत्या. डाव्या पायावर, नळीच्या मागे, मधोमध एक आडवा खळगा, आणि त्याच्या खाली सूज. हात लावला तर भाजला. बाईसाहेबांनी पाय उचलून धरला, खाली टेकवेनाच.

"दोरावानी रुतली होती," मामा म्हणाले. "गादीला घडी पडली होती आत."

धाकटी आली. पाहिलं. चेहरा पांढरा पडला. थेट फोनकडे गेली.

डॉक्टरीणबाई तासाभरात पोचल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, रबरी बूट, बोलणं सपासप. पाय चाचपला, सोनोग्राफीचं मशीन लावून पाहिलं. मग उठून आम्हा तिघांकडे बघितलं.

"काल कुणी बांधलं होतं हे?"

शेजारच्या घोड्याचं गवत चावणं तेवढं ऐकू येत होतं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण आवाज फुटला नाही.

"माझ्याकडूनच झालं असणार," मामा म्हणाले. सुजलेल्या गालातून अर्धवट.

मामा काल संध्याकाळी इथे नव्हते! मला माहीत. धाकटीला माहीत. आम्ही दोघी खाली बघत उभ्या राहिलो आणि ती पोरगी मामांना बोल बोल बोलली. इतकी वर्षं घोड्यात काढून एवढं कळत नाही? पट्टी आहे की फास? मामा मान हलवत होते.

चार आठवडे पूर्ण विश्रांती, मग हाताने धरून थोडी चाल. सहा आठवड्यांनी पुन्हा मशीन. मग कळेल ती पुन्हा कुणाला पाठीवर घेणार की नाही.

५ डिसेंबर

काल दिवसभर मी मामांच्या समोर गेले नाही. चहाही पाठवून दिला. म्हातारपणी हे शिकायचं राहिलं होतं.

बांधताना बोट आत गेलं होतं, हे मला नीट आठवतं. गादीवरून हातही फिरवला होता. पण वॉर्डात चूक झाली की प्रत्येक सिस्टर हेच सांगायची – मी नीट बांधलं होतं, मला आठवतंय. आणि मी त्यांना म्हणायची, बाई गं, पायाला विचार, तुझ्या आठवणीला नको.

तर पायाला विचारलं. पाय सुजलेला आहे.

संध्याकाळी

सांगून टाकलं. आधी मामांना. ते खरारा करत होते. मी म्हटलं, "मामा, पट्टी माझी होती. तुम्ही का म्हणालात?"

हात न थांबवता म्हणाले, "मला त्या रागावतात, सवय आहे. तुम्ही इथे नव्या. लगेच निघून गेला असता."

मी म्हटलं, "जाणार नाही."

"मग झालं," म्हणाले. "बादली सरकवा तेवढी."

मग डॉक्टरीणबाईंना फोन. म्हणाल्या, "आजी, मी त्या मामांना फार बोलले हो." आजी! म्हटलं, होय, बोललात, ते सगळं माझ्या नावावर लिहा. त्यांनी मामांना फोन द्यायला सांगितलं. मामा फोन कानाला धरून "नाही हो, नाही हो" एवढंच म्हणत होते.

शेवटी धाकटीला. स्वयंपाकघरात होती, पाठमोरी. सगळं सांगितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार – आमच्या हिच्या तोंडाचा पट्टा काय मी ओळखत नाही? ती वळलीच नाही. नळ तसाच वाहत होता. म्हणाली, "जाऊ दे ताई. होतं असं कुणाकडूनही."

जाऊ दे! ही! वीस वर्षांपूर्वी मी हिची छत्री बसमध्ये विसरले, ते अजून जाऊ दिलेलं नाही.

६ डिसेंबर

दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं गार पाण्याची धार. बाईसाहेबांना आवडते. माझ्या बुटात पाणी गेलं की विशेष आवडते.

९ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी दाबाची पट्टी सांगितली. कापसाचे चार थर, वर क्रेप, बारा तासांनी सोडून पुन्हा. मी म्हटलं, मामा बांधतील. माझा हात आता त्या पायाला लागणार नाही.

मामांनी कापसाची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली. "मग काय, मी जन्मभर बांधू? दाढ उद्या पुन्हा दुखेल माझी."

"चुकलं तर?"

"चुकलं तर मी उभाच आहे. बसा, सिस्टर. म्हणजे बसू नका. उकिडव्या व्हा."

झाले. अर्धा तास लागला. तीनदा सोडली, चौथ्यांदा बांधली. बाईसाहेब अजिबात हलल्या नाहीत. मधेच मान वाकवून माझ्या डोक्यावरचा स्कार्फ ओठांनी ओढला आणि खाली टाकला. तो रंग तिला पसंत नसावा.

१४ डिसेंबर

धाकटीला काय झालंय? स्वतःच्या खोलीतला हीटर उचलून माझ्या खोलीत आणून ठेवला. म्हटलं, तुला थंडी वाजेल. म्हणाली, मला उकडतंच. डिसेंबरात!

१७ डिसेंबर

आज सकाळचा चहा खोलीत आला. बशीत बिस्किट. मी तिला विचारलं, "माझे रिपोर्ट काही आलेत का? मला सांगत नाही आहेस का?"

ती हसली नाही. एरवी हसली असती.

१८ डिसेंबर

माझी इस्त्री केलेली साडी कपाटात. मी इस्त्री केली नव्हती.

मामांना म्हटलं, "माझी बहीण सुधारली बरं का. चूक माझी, आणि पाय चेपते आहे ती." मामांनी पट्टीची गुंडाळी घट्ट करत माझ्याकडे बघितलं, मग घोडीकडे बघितलं. म्हणाले, "हवा बदलतेय."

२३ डिसेंबर

सूज उतरली! म्हणजे अर्धी. दोरीवरून बोट फिरवलं तर एकाच जागी किंचित फुगवटा लागतो. ऊब आहे, पण भाजत नाही. पोस्टातली बाई रविवार नसताना आली. काय करू, विचारलं. काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून तिला कापसाच्या गाद्या उसवून धुवायला दिल्या. दोन तास बसून धुतल्या, दोरीवर ओळीने टाकल्या. जाताना म्हणाली, "बरी नाही झाली तरी मी येत जाईन हो."

मी आत जाऊन उगीचच कपाट आवरलं.

२९ डिसेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रात्रीची पट्टी आता बंद. मी म्हटलं, आधार नको? "आजी, निम्म्या वेळा पट्टी घोड्याला नकोच असते. आपल्याला हवी असते. काहीतरी केलं म्हणून झोप लागते आपल्याला."

आगाऊ आहे पोरगी. खरं बोलते. मामांना आता वाकून नमस्कार करते, आणि मामा तिला येताना बघितलं की गवताच्या गंजीमागे लपतात.

२ जानेवारी

बाईसाहेब ठाणाबाहेर! दहा मिनिटं, हाताने धरून, सपाट जागेवर, फक्त चाल. मी डाव्या बाजूला, धाकटी उजव्या. बाईसाहेबांना चाल मंजूर नव्हती. सरळ नाचायलाच निघाल्या. दोन साठीच्या बायका दोन बाजूंना लोंबकळत होत्या. कुंपणापलीकडून दूधवाल्याने विचारलं, "टेबल बरं आहे का?"

मी एवढी हसले की दोरच सुटला हातातून. धाकटीही हसली. मग दोर उचलायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली जरा वेळ. कंबर धरली असेल. तिचीही साठी आलीच की.

८ जानेवारी

रोज पाच मिनिटं वाढवतोय. चालताना मऊ पट्टी, परतल्यावर लगेच सोडायची. डबकं चुकवून.

१६ जानेवारी

दोरी शाबूत!!

डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं, पडदा माझ्याकडे वळवला. मला काही कळलं नाही, नुसते करडे दोरे दिसले. "बघा, सलग आहेत. एक बारीक गाठ राहील कातडीखाली, ती दिसेल, पण दुखणार नाही. आधी चाल, महिन्याने हलकी दुडकी. उन्हाळ्यात मुलं बसवा." मामांनी टोपी काढून पुन्हा घातली. एवढाच त्यांचा जल्लोष.

आणि मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेल्या सहा आठवड्यांतल्या पट्ट्या कुणी बांधल्या?"

यावेळी आवाज फुटला. "मी."

"माझ्या दवाखान्यात याल का शिकवायला? माझी दोन माणसं आहेत, फास बांधतात."

मला काय सुचलं कुणास ठाऊक, भाषणच केलं. म्हटलं, माझं कौतुक नको. कौतुक मामांचं, माझ्या चुकीचं ओझं त्यांनी न मागता उचललं. आणि हिचं. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, हिची लाडकी घोडी मी मोडून ठेवली, आणि हिने मला एका शब्दाने दुखावलं नाही. एवढं मोठं मन मला कधी जमलं नसतं.

धाकटीने माझा हात काढला आणि तबेल्यातून निघून गेली. अतिभावुक झाली असावी. जेवायलाही आली नाही.

१७ जानेवारी

सकाळी धाकटी माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "ताई, त्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी, तू वर गेल्यावर मी एक चक्कर मारली होती. तुझी पट्टी मला सैल वाटली. मी सोडली, आणि घाईत पुन्हा बांधली. ओढून."

मी उठून बसले. "सहा आठवडे, गं?"

"रोज सांगणार होते." नाक पुसलं. "पण तू आयुष्यात पहिल्यांदा चुकली होतीस, ताई. मला ते सोडवेना."

म्हणजे माझी पट्टी बरोबर होती. आनंद व्हायला हवा होता. तिचे हात बघत होते मी. थंडीने फुटले आहेत, हीटर माझ्या खोलीत.

"मामांना सांगितलंस?"

मान हलवली. नाही.

ती एकटी जाणार नाही. चप्पल घालते आहे. दोघी जातो.